ढिगाला ऊब आली

कुपवाडच्या एका मसाल्याच्या कारखान्यात कँटीनमागं खरकट्याचा ढीग महिनाभर नुसता कुजत पडला होता. त्याचं खत करायची कल्पना स्वप्नालीची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून ती तिथल्याच प्रयोगशाळेत लागली होती. खत करणाऱ्या जिवाणूंची पावडर आणून टाकली, तरी ढीग काळा, चिकट झाला आणि वास थेट गेटपर्यंत गेला.

"मॅडम, सोमवारपर्यंत बघतो. न्हाईतर उचलायला लावतो," नाकाला रुमाल लावून सुपरवायझर नाथाजींनी सांगितलं.

स्वप्नाली रडकुंडीला आली. तेवढ्यात कँटीनमध्ये भाकरी करणाऱ्या रंगूबाई बाहेर आल्या. माहेर जतकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. त्यांनी ढिगात काठी खुपसली, काढून हात लावला.

"गार हाय गं. आतलं जीव गुदमारल्यात."

"जीव? तुम्हाला कसं माहीत, मावशी?"

"त्येंची नावं न्हाईत ठावं. पर लेंडीचा ढीग वला दाबून ठेवला की असाच घाण मारतोय. वर-खाली केला की तापतोय."

स्वप्नालीनं कपाळावर हात मारला. एवढं शिकून हवाच विसरली होती ती! हवा लागणारे जिवाणू मेले होते आणि हवेवाचून जगणारे दुर्गंधी सोडत होते.

शनिवारी दोघींनी ढीग उपसून मोकळा केला. खरकट्याच्या थरांमध्ये उसाचं वाळलेलं पाचट घातलं. रंगूबाईंनी भावाकडून जुन्या लेंडीचं पोतं आणलं होतं, तेही मिसळलं.

सोमवारी सकाळी ढिगातून वाफ निघत होती. तापमापी बघून स्वप्नाली ओरडलीच, "अठ्ठावन्न! मावशी, अठ्ठावन्न!"

नाथाजी आले. रुमाल काढून त्यांनी वास घेतला, मग हात आत घातला आणि झटकन मागं ओढला. "आयला! खाली इस्तू ठिवलाय काय?"

रंगूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. थंडीत दुचाकीवरून आलेले कामगार ढिगाभोवती तळवे शेकत उभे राहिले.

पंधरा दिवसांनी ढिगात पांढरे धागे दिसले. रंगूबाई घाबरल्या. "बुरा आला गं. समदं वाया गेलं!"

"न्हाई वो!" स्वप्नालीनं चिमूटभर धागे उचलले आणि त्यांना हाताला धरून प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाकडं घेऊन गेली. "मऊ भात-भाजी खाणारी पहिली पंगत उठली. आता चिवट पाचट खाणारी दुसरी बसलीय. बघा तरी!"

रंगूबाईंनी डोळा लावला.

"आगं बया, ही तर जत्राच भरलीया!"

मग त्यांनी कँटीनमधल्या सगळ्या बायकांना हाका मारल्या. एकेक जण येऊन बघू लागली, किंचाळू लागली, पुन्हा रांगेत उभी राहू लागली. त्या दिवशी जेवण अर्धा तास उशिरा मिळालं. ओरडायला आलेले नाथाजी रांगेच्या शेवटी निमूट उभे राहिले आणि पुढच्या बाईला म्हणाले, "लवकर बघा की वो, मलाबी बघायचंय."