मोटारीतली शेगडी

जावयापुढे आवाज चढवायचा नाही, हे शालनबाईंना कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. निपाणीकडच्या त्यांच्या घरात जावई म्हणजे देवाच्या खालोखालचा माणूस. तो बोलेल ते ऐकायचं, तो हसला की हसायचं, आणि त्याचं चुकलंच तर ते स्वतःच्या लेकीलासुद्धा सांगायचं नाही. म्हणून बंगळूरला आल्यापासून त्या मूग गिळून बसल्या होत्या, आणि गिळलेले मूग पोटात फुगत होते.

त्यांची लेक शुभदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. खरं तर तिसरा महिना सरल्याशिवाय बाळंतिणीला माहेराहून हलवत नाहीत. पण शुभदाच्या सासूनं, सकवारबाईंनी, राजाजीनगरातल्या शेजारणींच्या सांगण्यावरून घाटी सुब्रह्मण्याच्या नागोबाला नातवाचा नवस बोलला होता आणि तो मार्गशीर्षातल्या षष्ठीलाच फेडायचा होता. ऐन थंडीत ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला वारं लागलं तर काय करायचं, असं शालनबाईंनी भीतभीत विचारलं. त्यावर निरोप आला की काळजी नको, आमच्या गाडीत शेगडी आहे.

ही शेगडी म्हणजे जावयाच्या कर्तबगारीचा कळस होता. विद्याधर विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याची गाडी कुणा इंग्रज साहेबानं देश सोडताना विकलेली, ठेंगणी, दोनच दारांची. मागं बसायचं तर पुढची सीट दुमडून कमरेत वाकून आत शिरायचं. मागच्या काचा उघडतच नव्हत्या, त्या नुसत्या उजेडापुरत्या. गाडी विलायतेतली, म्हणून तिला हीटर होता. इंजिनातलं गरम पाणी एका बारीक नळ्यांच्या जाळीतून फिरायचं आणि मागचा पंखा त्यातली ऊब आत फेकायचा. ती जाळी गळायला लागली. नवी मिळायची ती परदेशातून, आणि परदेशी माल तर बंद झालेला. दुसरा कुणी असता तर त्यानं पाण्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटरला रामराम ठोकला असता. बंगळूरात हीटर हवाय कुणाला? पण विद्याधर पडला विमानवाला. लहान विमानांत इंजिनाच्या धुराच्या नळीभोवती पत्र्याचं कवच बसवतात, नळी तापली की कवचातली हवा तापते, आणि ती वैमानिकाच्या पायाशी सोडतात, हे तो कारखान्यात रोज बघत होता. त्यानं घरच्या अंगणात तेच केलं. धुराची नळी जुनीच राहू दिली, तिच्याभोवती झकास नवं कवच बसवलं, आणि तिथून एक जाड नळा काढून थेट मागच्या बाकाखाली आणून सोडला. बाळंतिणीच्या पायांना शेक मिळावा म्हणून.

आईनं लेकाच्या वर कडी केली. सकवारबाईंनी पुढच्या सीटच्या मागं छतापासून खालपर्यंत जाडजूड सोलापुरी चादर टांगली. वळताना हात दाखवायला विद्याधरची खिडकी उघडी असायची, तिचं वारं मागं यायला नको. काचांच्या फटींत रबराच्या पट्ट्या बसवल्या होत्याच. मागच्या बाकाची अशी साग्रसंगीत बाळंतिणीची खोली झाली.

लेकीसोबत बंगळूरला आल्या तेव्हा स्टेशनवरून घरी येतानाच शालनबाईंचं डोकं जड झालं. रात्रभराचा रेल्वेचा प्रवास, त्याचं असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. मग एकदा बसवनगुडीत विद्याधरच्या मावशीकडे बाळाला दाखवायला नेलं. परतताना शुभदाला मळमळलं आणि दारातच उलटी झाली. बाळ मात्र असं गाढ झोपलं की अंगावरून उतरवून पाळण्यात ठेवलं तरी हललं नाही. गाल लालबुंद. सकवारबाईंनी कौतुकानं बोटं मोडली आणि सुनेला गाडीची सवय नाही म्हणून नाक मुरडलं. घरी रात्ररात्र किरकिरणारं पोर गाडीत कसं शहाण्यासारखं झोपतं, हे त्यांनी शेजारी जाऊन सांगितलं.

शालनबाई मात्र त्या लाल गालांकडे बघून जागच्या जागी थिजल्या होत्या. असे गाल त्यांनी एकदा पाहिले होते.

त्यांची धाकटी बहीण तानू. तीस वर्षं झाली असतील. तानूला सासरीच दिवस भरले आणि सासूनं तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. वारं लागू नये म्हणून खिडकीला पोतं ठोकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि बाजेखाली कोळशांची शेगडी ठेवली. सकाळी दार उघडलं तेव्हा तानू आणि तिचं बाळ, दोघंही गेलेली. शालनबाई निपाणीहून पोचल्या तेव्हा त्यांना बाहेर काढून ठेवलं होतं. दोघांचेही गाल गुलाबी. मेलेली माणसं इतकी टवटवीत कशी, असं जो तो कुजबुजत होता. सासूनं सांगितलं, बाहेरचं काही लागलं. सगळ्यांनी मान डोलावली. पुढं कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांनी शालनबाईंना सांगितलं होतं की कोळसा कोंडला की त्यातून एक विष सुटतं. त्याला वास नाही, रंग नाही. तेव्हापासून त्या सासूवरचा राग त्यांच्या मनात तसाच धगधगत होता. ती बाई मरून गेली तरी राग मेला नव्हता.

त्यांनी धीर केला आणि जावयाला विचारलं. फार आडून विचारलं. गाडीत जरा घुसमटल्यासारखं होतं, नळ्यातून धूर तर येत नसेल ना, एवढंच. विद्याधरनं रागावण्याऐवजी ते हसण्यावारी नेलं, आणि ते जास्त झोंबलं. त्यानं अंगणात गाडी चालू केली, नळ्याच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, आणि तो झटकून सासूबाईंच्या हातात दिला. रुमालावर डाग नव्हता. इंजिन अजून धड तापलंही नव्हतं, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

“मामी, धूर आणि ही हवा, दोन्हींच्या मधे लोखंड आहे,” तो सासूबाईंना म्हणाला. “विमानात माणसं बसतात ह्यावर भरवसा ठेवून.”

तानूच्या खोलीत तरी धूर कुठं होता, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. रात्री शुभदाला बाजूला घेऊन सांगितलं, घाटीला जाताना तेवढी शेगडी बंद ठेवा म्हणावं. शुभदानं विषय उडवून लावला. त्यांनी किती हौसेनं केलंय, त्यांना वाईट वाटेल, असं म्हणाली. सकवारबाईंच्या कानावर गेलं तेव्हा तर त्यांनी सरळ विचारलं की पोराला वारं लागलं तर जबाबदार कोण. शालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्या गप्प राहिल्या. जावयाच्या घरात होत्या ना.

षष्ठीला पहाटे निघाले. पुढं विद्याधर आणि सकवारबाई, मागं चादरीआड शुभदा, शालनबाई आणि त्यांच्या मांडीवर बाळ. नागोबासाठी दुधानं भरलेला पितळी तांब्या झाकण बांधून त्यांच्या पायाशी ठेवला होता. गाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि विद्याधरनं गाडी दामटली. पायाशी छान ऊब येत होती. खरंच छान, याचाच त्यांना संताप येत होता.

येलहंका यायच्या आधीच त्यांच्या कपाळावर घण बसायला लागले. शुभदाला विचारलं तर ती अर्धवट काहीतरी पुटपुटली. त्यांनी चादर जरा बाजूला केली आणि गाडी थांबवा म्हणाल्या. सकवारबाईंनी चादर पुन्हा सारखी करून टाकली; वारं येतंय म्हणाल्या. विद्याधरनं पुढूनच सांगितलं की येलहंका गेलं की चढ लागेल, तो चढून झाला की थांबू, इंजिन तापलंय तोवर चढ उरकू दे. शालनबाईंनी बाळाच्या गालाला हात लावला, मग तळपायाला चिमटा काढला. एरवी नुसतं पांघरूण काढलं तरी ओरडणारं पोर. त्याची मान त्यांच्या कोपरावरून मागं लोंबली. काचेतून आलेल्या पहाटेच्या उजेडात त्याचे ओठ पिकल्या तोंडल्यासारखे लाल दिसले.

मग जावई, विहीण, मान, पाट, सगळं गेलं खड्ड्यात. त्यांनी बाळाला शुभदाच्या अंगावर टाकलं, दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि मागच्या काचेवर घातला. पहिल्यांदा नुसता तडा गेला आणि दूध सगळीकडे उडालं. दुसऱ्या घावाला काच फुटली. थंड वारा आत घुसला तशी त्यांनी बाळाला उचलून त्याचं तोंड त्या भोकाशी धरलं आणि विद्याधरला हाक मारली, अशा आवाजात की गाडी जागच्या जागी थांबली.

पुढची सीट दुमडून, चादर ओरबाडून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातून रक्त येत होतं. रस्त्याकडेला उभ्या राहून त्यांनी बाळाचं टोपडं फेकून दिलं, दुपटं सोडलं आणि उघड्या अंगावर सकाळचा झोंबरा वारा घेऊ दिला. तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. शुभदा गाडीतून सरपटतच उतरली आणि चाकाशी बसून ओकायला लागली. विद्याधर धावत मागं आला. त्यानं आधी काच पाहिली.

“काच कशाला फोडलीत?”

 शालनबाई बाळाची पाठ चोळत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग पोराच्या छातीतून एक उचकी आली, मग दुसरी, आणि मग त्यानं टाहो फोडला. शालनबाई तशाच रस्त्यावर बसल्या आणि त्याला पोटाशी धरलं.

सकवारबाई लगबगीनं दुपटं घेऊन आल्या. “बघा, लागलं ना वारं,” त्या म्हणाल्या. “त्या फुटक्या खिडकीतनं. आणि देवाचं दूधही सांडलंत.”

तीस वर्षांपूर्वीची दुसरी एक सासू जणू तिथं येऊन उभी राहिली होती. शालनबाई उठल्या. रडतं पोर त्यांनी शुभदाच्या मांडीवर दिलं आणि दुपटं सकवारबाईंच्या हातातून काढून घेतलं. फुटलेल्या काचेच्या भोकात त्यांनी ते दुपटं आणि पडलेली सोलापुरी चादर घट्ट कोंबली. गाडीचं इंजिन अजून चालूच होतं; ते बंद करायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. त्यांनी पुढची सीट दुमडून धरली.

“विद्याधरराव, मागं बसा की,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “दार मी लावते. खिडकी वर करते. रुमालाला डाग नाही, मधे लोखंड आहे. तर बसा. मी सांगीन तोवर उतरायचं नाही.”

विद्याधर सीटच्या पाठीला हात लावून उभा राहिला. आत वाकून त्यानं मागच्या बाकाखालच्या नळ्याकडे पाहिलं. त्या नळ्याच्या तोंडाशी उबदार हवेनं शुभदाचा पडलेला रुमाल हळूहळू हलत होता. सकवारबाई लेकाकडे बघत होत्या. तो आता बसेल आणि ह्या बाईचं तोंड बंद करील, अशी त्यांची खात्री होती. शालनबाई सीट धरून थांबल्या.

तो बसला नाही.

त्यानं हात काढून घेतला, पुढं जाऊन इंजिन बंद केलं, आणि नवसासाठी घातलेल्या पांढऱ्या कपड्यांनिशी रस्त्यावर उताणा पडून गाडीखाली शिरला. कवच तापलेलं होतं. ते ओढून काढताना त्याचा हात भाजला, तो कळवळलेला सगळ्यांना ऐकू आला. जुन्या नळीला खालच्या अंगानं लांब चीर गेली होती. थंड असताना मिटून बसणारी, तापली की तोंड उघडणारी. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं काजळीनं माखली होती. तो आईकडे बघून एवढंच म्हणाला, “आई, वारं नव्हतं ते.”

मग तो शालनबाईंकडे वळला आणि “मामी” म्हणून थांबला. त्यांनी त्याला पुढं बोलायला मदत केली नाही. एरवी केली असती. माणूस ओशाळला की त्या स्वतःच म्हणायच्या, असू द्या, होतं असं. आज त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. काय होतं असं? तानूच्या दाराशीही लोक हेच म्हणाले होते.

डोड्डबळ्ळापूरहून बंगळूरला परतणारी बस आली तेव्हा त्यांनी हात दाखवून ती थांबवली. शुभदाला आधार देऊन वर चढवलं, बाळाला घेतलं आणि स्वतः खिडकीशी बसल्या. सकवारबाई क्षणभर लेकाकडे आणि गाडीकडे बघत राहिल्या आणि मग मागोमाग चढल्या. विद्याधर काजळीचे हात अंगापासून लांब धरून रस्त्याकडेला उभा होता. बस हलली तरी तो तसाच होता.

बसच्या खिडकीला काच नव्हती. गार वारा थेट बाळाच्या तोंडावर येत होता आणि ते डोळे मिचकावत, नाक ओढत चांगलं जोरात किरकिरत होतं. समोरच्या बाकावरून सकवारबाईंनी सवयीनं पदर पुढं केला, पोराचे कान झाकायला. शालनबाईंनी नुसतं वर पाहिलं. सकवारबाईंनी पदर हळूच मागं घेतला आणि हात मांडीवर ठेवले.