कोणाचंच नसलेलं पान

बाळांनो, जरा डोळे मिटा. घाटंजीकडे जाणारी धुळीची वाट. उन्हाळा तोंडावर आलेला, पळसाला फुलं लागलेली. वाटेच्या कडेला मिशनचा महारोग्यांचा दवाखाना, आणि त्याच्या आवारात दोन कडुनिंबांना बांधलेला एक काथ्याचा दोर. दोराच्या पलीकडे आजारी माणसं आणि अलीकडे त्यांची धडधाकट मुलं. त्या काळी तशीच रीत होती. आईला महारोग झाला की मूल तिच्यापासून काढून वसतिगृहात ठेवायचे. रविवारी दोराशी यायचं, बोलायचं, पण शिवायचं नाही. दिसला का दोर? आता डोळे उघडा.

त्या अलीकडच्या मुलांत सत्यशीला होती. तिची माय तानाबाई पलीकडे. आणि येत्या शुक्रवारी तानाबाईला बोटांच्या इलाजासाठी दूरच्या मोठ्या दवाखान्यात नेणार होते. परत कधी येईल, हे कोणी सांगत नव्हतं. सत्यशीलाला एकच गोष्ट हवी होती. जाण्याआधी एकदा मायच्या पंगतीला बसून जेवायचं.

हे तिच्या मनात घातलं एका चित्रानं. प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर प्रभूचं शेवटचं भोजन काढायला पाळकसाहेबांनी, म्हणजे मिशनच्या धर्मगुरूंनी, गुलाम नबीला बोलावलं होतं. हा गावातला पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, बैलगाड्यांवर मोर काढायचा. पाळकसाहेबांनी त्याला नमुन्याचं विलायती चित्र दाखवलं. लांब टेबल आणि सगळे शिष्य त्याच्या एकाच बाजूला. गुलाम नबी ते पाहून म्हणाला, साहेब, हे जेवायला बसले का फोटो काढायला? मग त्यानं आपल्या मनाचं चित्र काढलं. सगळे गोल मांडी घालून बसलेले, पुढ्यात पळसाच्या पत्रावळी, पत्रावळींवर ज्वारीची भाकर. प्रभूचा चेहरा काढायला त्याचा हात धजेना, म्हणून प्रभू खाली वाकून भाकर मोडताना दाखवला. आणि अगदी समोर, पाहणाऱ्याच्या बाजूला, एक पत्रावळ रिकामी ठेवली.

"चाचा, हे पान कोणाचं?" सत्यशीलानं विचारलं होतं.

"जो पाहून राह्यला, त्याचं," गुलाम नबी ब्रश पुसत म्हणाला.

सत्यशीलाला ते पटलं. माय पण प्रार्थनेला येते, मागच्या दाराशी बसून हेच चित्र पाहते. म्हणजे ते पान दोघींचं.

ती आधी वसतिगृहाच्या विमलताईंकडे परवानगी मागायला गेली. त्यांनी तिची वेणी घट्ट बांधून दिली आणि नियम डॉक्टरांचा आहे, आपल्या हातात काही नाही, असं सांगितलं. मग पाळकसाहेबांकडे. ते भिंतीवरच्या चित्राकडे वळले. चित्रातली गोष्ट वेगळी असते, एवढंच कसंबसं म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दुपारी सगळ्यांचं प्रीतिभोजन होतं. दोराच्या दोन्ही बाजूंना पानं मांडली. भाकर, वरण आणि गुळाचा भात. प्रार्थनेच्या आधी सत्यशीला आपलं पान घेऊन दोराखालून पलीकडे शिरू लागली. कोणी तिला धरलं नाही. अडवलं ते मायनंच.

"सत्ये, तिथंच थांब."

"माय, आजच्या दिवस."

"आजच कायले? चार वर्सं तुले हात नाही लावला मी. रातभर हात उशाखाली दाबून निजली. ते सारं मातीत घालतं का आता?"

सत्यशीला मागं सरली. मायला रागावता येईना, पाळकसाहेबांना रागावता येईना. कोणीच वाईट वागत नव्हतं. ती दोराला लागून खाली बसली. पलीकडे हातभर अंतरावर माय बसली.

प्रार्थना झाली. सगळे जेवू लागले. तानाबाईनं भाकर उचलली. तिची बोटं आत वळलेली, भाकर काही मोडेना. तिनं ती तळहातांत दाबली, मग गुडघ्यावर टेकवली. भाकर निसटून धुळीत पडली. तानाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. लेकीला वाटावं, की गंमतच झाली.

पलीकडची वस्तू अलीकडे आणायची नाही, हा नियम सत्यशीलाला तोंडपाठ होता. अलीकडची पलीकडे द्यायची नाही, असं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

तिनं आपली भाकर घेतली, बारीक बारीक मोडली, वरणात कालवली. मग पत्रावळ दोन्ही हातांनी दोराखालून पुढं सरकवली, मायच्या गुडघ्यापर्यंत. हात मागं घेतले. आणि पुढ्यातल्या मोकळ्या जमिनीसमोर मांडी घालून, मायचा पहिला घास होईस्तोवर ती बसून राहिली.