चतुराबाईची तबकडी

माझा कर्णा एका बाजूने चेपला आहे. पेटीचे पॉलिश उडाले आहे आणि चावी फिरवली की पोटातली स्प्रिंग कुरकुरते. तरीही मित्रांनो, तुम्ही मला ओळखाल. मी एक जुना ग्रामोफोन आहे. गंगाखेडचे लोक मला बाजा म्हणत. बाजारपेठेतल्या दिनकररावांच्या हॉटेलात, माळ्यावर, रिकाम्या पोत्यांशेजारी मी पडून आहे. खाली रेडिओ वाजतो. मला कोणी विचारत नाही, याचे आता वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने मी हैदराबादेस आलो आणि एका जहागीरदाराच्या दिवाणखान्यात जाऊन बसलो. तिथे मखमली झाकण होते, अत्तराचा वास होता आणि ऐकणारे फार थोडे होते. गाणे संपले की ते हळूच 'वाह' म्हणत. पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, पाठोपाठ जहागिऱ्याही गेल्या. जहागीरदारांच्या घरातले सामान बाहेर निघाले. त्या सामानातून दिनकररावांनी मला उचलले आणि रेल्वेत मांडीवर घेऊन गंगाखेडला आणले.

हॉटेलात आल्यावर मला एक नवीन गोष्ट कळली. इथे गाणे संपल्यावर खरी गंमत सुरू होई. चहाच्या कपावर कप रिकामे होत आणि ज्याला त्याला आपले मत सांगायचे असे. हैदराबादच्या नसीमजानची तबकडी लागली की रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा भुजंग मांडीवर थाप मारून म्हणे, "हिचा आवाज म्हंजे निस्ता खवा हाय, खवा!"

"खवा नाही, चाशनी," कापड दुकानाचे मालक बन्सीधर त्याला सुधारत. "खव्याला तार येत नसते."

पुण्याच्या मास्टर केशवकांतांवरून तर दोन तट पडले होते. कोणी म्हणे, ते नाकात गातात. भुजंग म्हणे, "नाकातून निघू द्या की! जातंय कुठं ते बघा. सरळ काळजात जातंय."

मग सगळे बन्सीधरांकडे बघत. त्यांनी हैदराबादेत एका नबाबाच्या हवेलीत मैफल ऐकली होती, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. ते डोळे मिटून सुपारी चघळत आणि निवाडा देत. तो निवाडा दुसऱ्या दिवशी बाजारभर होई. मलाही त्याचा अभिमान वाटे. आपल्या पोटातून निघालेल्या गाण्यावर एवढी माणसे एवढ्या पोटतिडकीने बोलतात, याहून मोठे भाग्य ते कोणते, असे मला वाटे.

एकदा दिनकरराव परभणीहून एक नवी तबकडी घेऊन आले. तिच्यावर नाव छापले होते, 'कुमारी चित्रलेखा, मुंबई'. त्यांनी चावी भरली, नवी सुई लावली.

मित्रांनो, असा आवाज माझ्या कर्ण्यातून त्याआधी कधी गेला नव्हता. गाण्यात फार काही नव्हते. कळपातून चुकलेल्या कोकराला एक बाई रानात हाका मारत होती. पण ती हाक अशी होती की भट्टीवरचे दूध उतू गेले तरी दिनकररावांना कळले नाही. भुजंगाचा चहा तसाच राहिला. गाणे संपले तरी कोणी बोलेना.

बन्सीधरांनी डोळे उघडले. "पुन्हा लावा," ते म्हणाले.

पुन्हा लावली. मग त्यांनी मत दिले. "ही खरी तालीम! गाणं खेड्यातलं आहे, पण खेड्यातल्या बाईच्या गळ्यातून हे निघणार नाही. आवाज कसा घासूनपुसून आलाय बघा. त्याला मुंबईच लागते."

"लाख बोललात," भुजंग म्हणाला.

त्या दिवसापासून चित्रलेखाबाईंपुढे नसीमजान आणि केशवकांत मागे पडले. दिवसातून कितीदा ती तबकडी लागे, याची मोजदाद नव्हती. लोक ताडकळसहून येत, पिंगळीहून येत आणि बसायच्या आधी म्हणत, "ती मुंबईवाली लावा."

बाजाराच्या दिवशी उमाजी नावाचा एक मेंढपाळ आणि त्याची बायको चतुराबाई घोंगड्या विकायला यायचे. हॉटेलच्या पायरीजवळ त्यांची नेहमीची जागा होती. अशाच एका बाजाराला ती तबकडी लागली आणि घोंगडीची घडी घालणारा चतुराबाईचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिले. उमाजी उठून दारात आला. त्याचे तोंड आनंदाने फुलले होते.

"मालक, हे गानं आमच्या घरातलं हाय," तो म्हणाला. "हा हिचा आवाज हाय."

हॉटेल खो खो हसले. उमाजी गडबडला, पण मागे सरला नाही. त्याने सांगितले, गेल्या साली गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी मेंढरे धूत असताना तबकड्यांच्या कंपनीचा एक माणूस वाटेने चालला होता. चतुराबाईचे गाणे ऐकून तो थांबला. दोघांना मुंबईला घेऊन गेला. एका बंद खोलीत तिला आवाज टिपणाऱ्या नळकांड्यासमोर उभे करून गायला लावले.

"अन् नाव?" दिनकररावांनी विचारले. "यावर तर चित्रलेखा लिहिलंय."

"त्यो म्हनला, चतुराबाई नाव तबकडीवर शोभत न्हाई. गिऱ्हाईक न्हाई मिळत."

बन्सीधरांनी सुपारी बाजूला ठेवली. "मग हातच्या कंकणाला आरसा कशाला? म्हणू दे तिला इथंच."

चतुराबाईने मान हलवून नको म्हटले. पण उमाजीने डोळ्यांनी विनवले. मग ती उभी राहिली, पदर नीट केला आणि पायरीवरूनच तिने ते गाणे म्हटले. तबकडीच्या एका बाजूवर मावेल तेवढ्यातच तिला मुंबईत गाणे आटपावे लागले होते. इथे तिला कोणी घाई करत नव्हते. तिने कोकराला मारलेली हाक हवी तेवढी लांब सोडली, आणि मला पहिल्यांदाच समजले की माझ्याकडे त्या गाण्याचा किती थोडा भाग आला होता. मला बोलता येत असते, तर त्या वेळी मी ओरडून सांगितले असते.

सगळ्यांनी बन्सीधरांकडे पाहिले.

"नक्कल बरी आहे," ते म्हणाले. "मेहनत घेतलीय बाईनं. पण चित्रलेखाबाईंचा ठहराव हिच्यात नाही. ती हाक उगाच लांबवली."

"माझीच नक्कल मी कशी करीन, दादा?" चतुराबाईने विचारले.

त्यावर इतके हसू फुटले की तिचा प्रश्न त्यात बुडून गेला. त्यानंतर ती बाजारात दिसली की उनाड पोरे ओरडत, "ओ कुमारी चित्रलेखा, घोंगडी केवढ्याला?" तिच्या कडेवर तान्ही लेक असायची. ती मान खाली घालून घोंगड्या मांडायची.

होळी झाली आणि कंपनीचा तो माणूस स्वतःच गंगाखेडला आला. त्याला चतुराबाईची दुसरी तबकडी काढायची होती. बाईला घेऊन दुपारी हॉटेलात या, तिथल्या लोकांचेही मत घेऊ, असा निरोप त्याने उमाजीला धाडला आणि चहा पीत बसला. गोष्टीत गोष्ट निघाली आणि त्याने सगळ्यांसमोर सांगितले की चित्रलेखा ती चतुराबाईच.

मला वाटले, आता हे लोक तोंडात बोटे घालतील. आता कोणीतरी उठून त्या पायरीवर चतुराबाईसाठी घोंगडी अंथरील.

"दुसरी काढायच्या आधी तुमच्यासारख्या जाणकारांचं मत घ्यावं म्हटलं," तो माणूस म्हणाला. "काय वाटतं तुम्हाला?"

बन्सीधरांचे कान लाल झाले होते. पण क्षणात त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "खरं सांगू? मला पहिल्यापासूनच शंका होती. आवाज रानातला आहे. नवलाई म्हणून लोकांनी ऐकला, ठीक आहे. दुसरी तबकडी कोण घेणार? सुराला मेंढरांचा वास येतो हो."

चारदोन जण हसले. त्या माणसाने भुजंगाकडे पाहिले. ज्याने या आवाजासाठी चहा थंड होऊ दिला होता, तो भुजंग. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बन्सीधरांकडे पाहिले. "आता शेटजी म्हनायलेत तर..." तो पुटपुटला, "आवाज जरा राकट हायच."

कंपनीच्या माणसाने घड्याळ बघितले आणि पिशवी उचलली. "बाई आल्या तर सांगा, नंतर कळवतो," असे म्हणून तो दुपारची गाडी गाठायला निघून गेला.

थोड्याच वेळात चतुराबाई आली. धुतलेले लुगडे नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून आली होती. उमाजी दारातूनच सांगू लागला, "हिनं लय गानी काढून ठिवलीत. सायबानं म्हनावं तितकी म्हनती."

दिनकररावांनी फडक्याने तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसले. "गेले ते. नंतर कळवतो म्हणाले."

"लोक काय म्हनले?" तिने विचारले.

दिनकरराव फडके घेऊन भट्टीकडे वळले. बन्सीधर वर्तमानपत्र वाचत होते. भुजंग आधीच उठून गेला होता. चतुराबाईने सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. "बरं," एवढेच ती म्हणाली आणि आली तशी परत फिरली.

कळवणारे कोणी आले नाही. तिची तबकडीही कोणी लावायला सांगेना, कारण ती आवडते असे म्हणण्याची आता लाज वाटू लागली होती. चतुराबाई बाजाराला येईनाशी झाली. उमाजी एकटाच येई. दिनकररावांनी एकदा विचारले, "बाई गाते का घरी?"

"गात न्हाई," उमाजी म्हणाला. "जात्यावर बसती, पर निस्तं जातंच वाजतंय."

पुढे दिनकररावांनी बॅटरीवरचा रेडिओ आणला. माणसे त्याच्याभोवती गोळा झाली, मते तिकडे सरकली आणि मी कपाटात गेलो. दरम्यान हैदराबाद राज्य मोडले, आपला मुलूख मुंबई राज्यात गेला. ज्या मुंबईचे नाव घेतले की गाणे मोठे होत होते, तिच्याशी आता आपले नाते जुळले, म्हणून हॉटेलात पेढे वाटले. चतुराबाईची आठवण कोणाला झाली नाही.

एका पावसाळ्यात उमाजी हॉटेलात आला. त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले होते.

"बाई गेली, मालक. हिवतापानं गेली," तो म्हणाला. "लेक इचारायलीय, आई कशी गायची म्हनून. मी काय सांगू तिला? एकदा वाजवा. मी ध्यानात धरून ठिवतो."

दिनकररावांनी मला बाहेर काढले. धूळ झटकली, चावी भरली. सुई जुनी होती, तबकडी झिजली होती, तरी खरखरीमागून तो आवाज आला. उमाजी जमिनीवर बसला आणि त्याने डोळे मिटले. गाण्यातली बाई कोकराला पहिली हाक मारणार, तेवढ्यात रेडिओजवळून बन्सीधर म्हणाले, "दिनकरराव, ती खरखर बंद करा. बातम्या लागल्यात."

दिनकररावांनी सुई उचलली.

उमाजीने डोळे उघडले. तो रागावला नाही. "नाव ठावं नव्हतं तवर समदे पुरं ऐकत व्हते," तो म्हणाला.

दिनकररावांनी ती तबकडी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्याने ती घोंगडीत बांधली आणि पावसातून चालू लागला. त्याच्या घरी बाजा नव्हता.

त्याच संध्याकाळी मी माळ्यावर आलो. मित्रांनो, मला खाली उतरवा, माझी चावी दुरुस्त करा, असे मी म्हणत नाही. माझे आयुष्य झाले. पण तुम्ही कोणाचे गाणे ऐकाल, तेव्हा ते कोणाचे आहे आणि शेजारचा त्याला काय म्हणतो, हे विचारायच्या आधी ते संपू द्या. मत नंतरही देता येते. गाणारी बाई मात्र तोवर थांबत नाही.