लागता कामा नये

मुलीनं हातमोजे काढून बाकावर ठेवले आणि मान हलवली. बॉक्सिंगही नको.

झुलणारं पोतं सुतारानं दोन्ही हातांनी थांबवलं. त्याला हे ठिकाण आवडलं होतं. घामाचा वास, भिंतीला टांगलेले दोर, आणि मुख्य म्हणजे एका ठोशात समोरच्याची खोड मोडायची सोय. पण मुलीनं शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारला होता: समोरच्याला लागू न देता त्याला थांबवायचं कसं? तो पोट धरून हसला. म्हणाला, मग स्वेटर विणायला जा बाळ, इकडे कशाला आलीस? सकाळी कराटेच्या वर्गातही तिनं हेच विचारलं होतं. तिथल्या सरांनी पट्ट्यांचे सगळे रंग समजावून सांगितले, याचं उत्तर तेवढं दिलं नाही.

रस्त्यावर आल्यावर सुतार म्हणाला, "मुकादम, तुला त्याला मारायचंय की त्याची दृष्ट काढायचीय?"

मुलगी हसली, पण तोंडदेखलं. बोबडं बोलायच्या वयापासून ती कारखान्यात फळ्यांच्या ढिगावर बसून बापाच्या कामावर देखरेख करायची, तेव्हापासून तिला हे नाव पडलं होतं. तेरावं लागलं तरी ते सुटलं नव्हतं.

कारखाना मात्र सुटला होता. मागच्या हिवाळ्यात सुतारानं एका दाराला बिजागऱ्या आणि कडी एकाच बाजूला ठोकली. भागीदार आधी खो खो हसला, मग त्याचा चेहरा बघून गप्प झाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. विसरणं वाढत जाईल, म्हणाले. सकाळी बरं वाटेल, दिवस कलला की गोंधळ होईल. तसंच होत होतं. संध्याकाळचं त्याला काहीच आठवत नसे. बायकोला विचारलं की ती भांडी लावता लावता म्हणायची, थोडी चिडचिड करता, बाकी काही नाही.

म्हणून तो सकाळ धरूनच निघाला होता. कराटे वगैरे काहीतरी शिकायचंय, असं पोरगी आपणहून म्हणाली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता. हिला कोण छळतंय? शाळेतला कुणी? गल्लीतला? त्यानं गोडीनं विचारून पाहिलं, रागावून पाहिलं. पोरीनं दाद लागू दिली नाही. आपण फार दिवस तिच्या पाठीशी उभे राहू शकणार नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तिचं नाव आपल्या तोंडात आहे तोवर तिचे हात तयार झालेले दिसावेत. देवाकडे त्याचं आता एवढंच मागणं उरलं होतं.

ज्यूदोचा वर्ग एका गॅरेजच्या वर होता. जिन्याचा कठडा हलवून बघत तो म्हणाला, हा कुठल्या न्हाव्यानं बसवलाय? वर सगळ्या हॉलभर गाद्या अंथरल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई रुंद खांद्यांच्या, केस पिकलेल्या. मुलीचा प्रश्न त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. हसल्या नाहीत. चप्पल काढून आत ये, एवढंच म्हणाल्या.

तो मागोमाग निघाला, तेव्हा मुलगी वळली.

"बाबा, तू बाहेर बस ना."

या वयात बाप बरोबर असला की लाज वाटतेच, असं म्हणून तो बाहेरच्या बाकावर बसला. पण दार नीट लागलं नव्हतं. ओल धरून फळी खाली फुगली असणार. त्याला राहवेना. उठून तो चौकटीवरून हात फिरवू लागला, आणि फटीतून आतलं दिसलं.

बाईंनी एका दणकट विद्यार्थिनीला त्याच्या मुलीसमोर उभं केलं होतं. तिनं मुलीचं एक मनगट धरलं.

"असं नाही," मुलगी म्हणाली. "दोन्ही धर. घट्ट. आणि उजव्या हाताचं हे करंगळीशेजारचं बोट सरळ ठेव. ते वाकत नाही."

ती विद्यार्थिनी फिसकन हसली. म्हणाली, कसला बाई हा गुंड, ज्याचं बोटसुद्धा वाकत नाही?

मुलगी हसली नाही. बाईंनी त्या दुसरीला पाणी प्यायला पाठवलं आणि हळूच काहीतरी विचारलं. मुलगी आधी गादीकडे बघत राहिली.

"मला नाही धरत. आईला धरतो. ओळखत नाही ना तो तेव्हा, घरात चोर शिरलाय असं वाटतं त्याला. मी मध्ये पडते. आधी मला बघितलं की सोडायचा." तिनं पायाच्या अंगठ्यानं गादी दाबली. "आता सोडत नाही."

बाई तिच्यासमोर गादीवर बसल्या.

"पण त्याला लागता कामा नये. जरा निळं पडलं तरी सकाळी विचारतो, हे कशानं झालं म्हणून. मग आम्ही काय सांगायचं त्याला?"

सुताराचा हात चौकटीवरच होता. करवतीनं शीर तुटली तेव्हापासून करंगळीशेजारचं बोट कधी मुडपलंच नव्हतं. बाकीची बोटं लाकडाला धरून होती आणि ते एकटं सरळ उभं होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

परवाच बायकोचं मनगट काळंनिळं दिसलं होतं. कपाटाचा कोपरा लागला, ती म्हणाली होती. त्यानं लगेच कानस काढली होती आणि दुपारपर्यंत बसून घरातल्या झाडून सगळ्या कपाटांचे, टेबलांचे, खाटेचे कोपरे घासून गोल केले होते. बायको भुसा झाडत होती. किती छान केलंत, म्हणाली होती, आणि केरसुणी तशीच टाकून आत गेली होती.

त्यानं चौकटीवरचा हात काढून घेतला. मग वाकून बूट काढले. नाडीची गाठ सुटेना, तसा बूट तसाच ओढून काढला आणि दार ढकललं.

पालकांनी गादीवर यायचं नसतं, असं बाई सांगायला आल्या. त्याच्या हाताकडे नजर गेली आणि त्या बाजूला झाल्या.

मुलगी जागच्या जागी गोठली होती. हे ऐकू आलं की नाही, ते ती त्याच्या चेहऱ्यात शोधत होती. त्यानं चेहरा शक्य तेवढा नेहमीसारखा ठेवला.

"मुकादम, त्या पोरीच्या हातात काही दम नाही. सरावाला माझ्याएवढा माणूस पाहिजे." मग बाईंकडे वळून म्हणाला, "दाखवा हिला. मी धरतो."

त्यानं तिची मनगटं धरली. किती बारीक होती ती. पकडीत अंगठ्याची बाजू कच्ची असते, तिकडे मनगट वळव, कोपर अंगाशी घे, असं बाई सांगत गेल्या. मुलीनं तसं केलं. त्याचे हात मोकळे झाले, कुठंही काही दुखलं नाही.

"लागलं का, बाबा?"

"नाही गं. पण हे काय धरणं झालं? हे मी लाडानं धरलं होतं." त्यानं बाह्या वर सारल्या. "आता जोर लावून धरतो. असं समज, की मी तुला ओळखत नाही."

मुलीनं बाहीनं नाक पुसलं. बाईंनी सांगितलं होतं तसे पाय रोवून ती उभी राहिली, आणि दोन्ही हात आपणहून त्याच्यापुढं केले.