सहा माणसं आणि एक खुर्ची

“साहेब, आता तुम्ही बाहेर आलात तर बरं होईल,” टाय लावलेला सेल्समन खालच्या आवाजात म्हणाला. “मॅनेजर बघतायत.”

साहेब डिकीत आडवे पडले होते. निदान कमरेपर्यंत. गाडी नवीकोरी, सात माणसांची, तीन रांगांची. शेवटची रांग आणि मागचा दरवाजा यांच्यामध्ये जी काही फट उरते, तिच्यात त्याने स्वतःला कुशीवर सरकवून घेतलं होतं आणि तो हाताच्या वितीने काहीतरी मोजत होता. पाय शोरूमच्या चकचकीत फरशीवर लोंबत होते.

“नाही बसत,” आतून आवाज आला.

साहेब म्हणवून घ्यायची त्याला सवय नव्हती. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत तो ट्रक भरून घ्यायचा आणि तिथे त्याला सगळे पाचर म्हणायचे. अख्खं घर ट्रकमध्ये कोंबून झालं, दरवाजा लागेना आणि फुटपाथवर एक स्टूल नि एक आरसा उरला, की त्याला हाक जायची. तो मान तिरकी करून आत बघायचा, एखादं कपाट बोटभर सरकवायचा आणि स्टूल असं आत जायचं, जणू त्या स्टुलाभोवतीच ट्रक बांधला असावा. मग शेवटच्या वस्तूवर तळहात दाबून बघायचा. ती हलली नाही की ट्रकच्या अंगावर दोन थापा मारायच्या, म्हणजे ड्रायव्हरने निघायचं. इतक्या वर्षांत फुटपाथवर त्याने कुणाची काडी मागे ठेवली नव्हती. माणसाला अभिमान बाळगायला काहीतरी लागतंच. काहींकडे डिग्री असते.

डिकीत बसत नव्हती ती खुर्ची. ती फरशीवर उभी होती आणि खुर्चीत त्याची मुलगी होती. वय नऊ, पायांत जोर नाही, तोंडात भरपूर. खुर्ची तिच्या पाठीच्या साच्यावर बेतलेली, त्यामुळे घडी होत नाही. घडी होणारी खुर्ची मिळते, पण मग थोड्या दिवसांनी पोरीचीही घडी व्हायला लागते, असं डॉक्टर म्हणाले होते. थोड्या सभ्य शब्दांत.

आधीची खुर्ची ते आपल्या छोट्या गाडीच्या टपावर बांधून न्यायचे. आठवड्यातून तीनदा मुलीला व्यायामाच्या केंद्रात न्यावं लागे. गेल्या वर्षी केंद्राच्या पार्किंगमधल्या आडव्या दांड्याखालून गाडी गेली, खुर्ची गेली नाही. दोरी त्याने बांधली होती. दोरीला काही झालं नाही. नवी खुर्ची तयार होईपर्यंत मुलगी उताणी पडून छताकडे बघत राहिली आणि उठून बसल्यावर तिने एकच अट घातली: खुर्ची टपावर जाणार नाही. आत. तिला दिसेल अशी.

तेही जमलं असतं. पण चाळिशीच्या तोंडावर बायकोला दिवस राहिले. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आधी एक बाळ दाखवलं, मग हसून दुसरं दाखवलं. त्याला हसू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की हे बसणार कुठे.

“सात सीट आहेत, साहेब,” सेल्समन म्हणाला. “अख्खं कुटुंब आरामात.”

“आणि खुर्ची?”

“सामानासाठी मागची रांग आडवी करायची. एक बटण आहे.”

“म्हणजे पाच सीट.”

“पाच सीट आणि भरपूर सामान. किंवा मग सात सीट आणि...” सेल्समनने डिकीतल्या फटीकडे प्रामाणिकपणे पाहिलं. “आणि छत्री.”

“मागची एकच सीट पाडली तर?”

“तुम्ही आत्ताच मोजलंत ना. खुर्ची रुंद आहे.”

“मधल्या रांगेतली एक काढून टाकली तर?”

“तर वॉरंटी जाते, साहेब.”

तिसऱ्या रांगेत त्याची आई बसून बघत होती. बसली होती खरी, पण गुडघे हनुवटीला टेकले होते.

“आजी, कसं वाटतंय?” मुलीने विचारलं.

“आईच्या पोटात असल्यासारखं,” आजी म्हणाली. “आता बाहेर काढायला पण कुणीतरी लागेल.”

बायको पुढे ड्रायव्हरच्या सीटवर बसून पोट आणि स्टिअरिंग यांच्यात तह घडवत होती. गाडी तीच चालवायची. कामावर तुटलेल्या एका दोरीचं टोक एकदा त्याच्या उजव्या डोळ्यात बसलं, तेव्हापासून त्याला लायसन्स नव्हतं. तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. हे चौथं शोरूम होतं आणि तिची पावलं आता चपलेत मावत नव्हती.

“अहो, घरी चला,” ती म्हणाली. “सगळ्या गाड्या सारख्याच आहेत. पुढून वेगळ्या दिसतात तेवढंच.”

त्याहून मोठी गाडी होती म्हणा. पण ती घराच्या गल्लीत शिरत नव्हती, आणि पगारात तर मुळीच नाही. बसचा विषयही कधीच संपला होता: खुर्ची वर चढवेपर्यंत मागची वाहनं भोंगे वाजवत आणि बसमधले लोक घड्याळ बघत. आणि कुणाला घरी ठेवून जावं, तर ठेवायचं कुणाला? आईला उभ्याउभ्या चक्कर यायची. दोनदा ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती. बाळं तान्ही असणार. मुलीला तर गाडीतून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत तो स्वतःच उचलायचा. केंद्रात माणसं होती, चांगली होती, पण परक्याचा हात लागला की तिचं अंग लाकूड व्हायचं. गेलं तर सगळ्यांनी जायचं, नाहीतर कुणीच नाही. आणि कुणीच नाही म्हणजे पोरीची पाठ वाकत जाणार, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

रात्रीची जेवणं झाल्यावर त्याने टेबलावर मोठं ताट घेतलं. ताट म्हणजे गाडी. बिस्किटांचा चौकोनी डबा म्हणजे खुर्ची. मिठाची बरणी बायको, पाण्याचा पेला आई, वाटी मुलगी, औषधाची दोन टोपणं म्हणजे यायची असलेली दोघं. डबा मागे टाकला की तिसरी रांग गेली. उरलेल्या जागेत तो बरणी सरकवी, पेला फिरवी, टोपणं उचलून पुन्हा ठेवी. कामावर जशी करायचा तशी मान तिरकी केलेली. चांगला डोळा बारीक. घरातले सगळे हळूहळू टेबलाभोवती जमले.

“बसलं!” तो एकदम ओरडला.

खरंच बसलं होतं. स्टिअरिंगपाशी बरणी, तिच्या शेजारी पेला. मधल्या रांगेत टोपण, वाटी, टोपण. मागे डबा, आणि डबा वाटीला दिसेल असा. त्याने डब्यावर तळहात दाबून पाहिलं. हलला नाही.

“अगं बाई, खरंच की!” आई म्हणाली. “आणि मी पुढे. खिडकीपाशी!”

बायको कित्येक दिवसांनी हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “चार शोरूम हिंडवलंत मला. आधीच ताट घेतलं असतंत तर?”

मुलगी हनुवटी टेबलाला टेकवून ताटाकडे बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही यात कुठं आहात?”

त्याने ताटात पाहिलं. मग टेबलावर, काही घरंगळून खाली पडलंय का म्हणून. मग स्वतःच्या हाताकडे. इतक्या वर्षांत त्याने हजार घरं भरली होती, आणि भरताना स्वतःला कधी मोजलं नव्हतं. भरणारा माल नसतो.

मग सगळेच एकदम बोलायला लागले.

“मी धाकट्याकडे जाते,” आई म्हणाली. “चार दिवस.”

“कुठले चार दिवस?” बायको उसळली. “तिथं लिफ्ट नाही. एकदा वर गेलात की खाली यायचं नाव नको. आणि जाऊबाई चहासुद्धा चमच्यानं मोजून देतात.”

“मला चहा कमीच करायचाय.”

“मला वर्षाचं बाळ धरा,” मुलगी म्हणाली. “खुर्ची घरी ठेवू. बाबा मला कडेवर घेतील.”

“आणि केंद्रात गेल्यावर?”

“तिथं पण कडेवर.”

“आणि बाबा म्हातारे झाल्यावर?”

मुलीने विचार केला. “तेव्हा मी पण म्हातारी झालेली असेन ना.”

“थांबा,” बायको म्हणाली, “कुणीच हलू नका. मी दोघांतलं एक परत करते. अजून पावती फाडलेली नाही.” कुणी हसलं नाही. ती स्वतःच्या पोटावर दोन्ही हात ठेवून, आपण जे बोलून गेलो ते बाळांना ऐकू गेलं असेल का अशा चेहऱ्याने बसून राहिली आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. मुलगी वाटी पुन्हापुन्हा ताटाच्या कडेबाहेर ठेवत होती आणि तो ती पुन्हापुन्हा आत घेत होता.

माणसं जागेसाठी भांडतात हे त्याने खूप पाहिलं होतं. एका कपाटासाठी दोन भाऊ ट्रकपुढे आडवे पडलेलेही पाहिले होते. मागे राहण्यासाठी चाललेलं भांडण तो पहिल्यांदाच बघत होता, आणि ते मिटवायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं.

सकाळी दाराआड आईची बॅग दिसली.

त्याने ती सवयीने उचलून बघितली. हलकी होती. उघडली. कपडे, औषधं, चष्म्याचं घर, अंगावर घ्यायची शाल. औषधांच्या बाटल्या कपड्यांच्या घड्यांत, चष्मा शालीच्या पोटात. कुठे फट नव्हती, दाबून बघितलं तर काही हललं नाही. हे आपण शिकलो कुठून, असा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता.

तो खाली बसला आणि एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवायला लागला. बाटल्या फळीवर, शाल खाटेवर, चष्मा उशाशी.

आई दारात उभी राहून बघत होती. “उगीच काढलंस. मला पुन्हा भरावी लागेल.”

“भर.”

“भरेनच.”

“मी पुन्हा काढीन,” तो म्हणाला. “मला एवढंच येतं, आई.”

आईने आत जाऊन उशाशी ठेवलेला चष्मा डोळ्यांना लावला आणि तशीच खाटेवर बसली.

त्या दिवशी तो एकटाच शोरूममध्ये गेला. सेल्समनने त्याला ओळखलं आणि तो सावधपणे डिकीसमोर आडवा उभा राहिला.

“मागची रांग पाडलेलीच द्या,” त्याने सांगितलं. “ती उघडायची नाहीये.”

“म्हणजे कधीच नाही?” सेल्समनचा चेहरा पडला. “साहेब, तिसऱ्या रांगेसाठीच तर लोक ही गाडी घेतात. मग पाच सीटवाली घ्या ना. स्वस्त पडेल.”

“तिच्यात खुर्ची जात नाही. बघितलंय मी.”

“पण मग तुम्ही तर सहा जण होणार ना? ह्यात पाचच बसतील.”

“पाच बसले की झालं,” तो म्हणाला. “मी भरणारा.”

बाळं अंग धरू लागली आणि बायकोला डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, तेव्हा पहिल्यांदा सगळे केंद्रात निघाले. भरायला त्याला वेळ लागला. आधी मुलगी, मग तिच्या दोन बाजूंना बाळांच्या दोन खुर्च्या, मग पुढे आई, मांडीवर दुधाच्या बाटल्यांची पिशवी. शेवटी मागून मुलीची खुर्ची, दोन पट्ट्यांनी बांधून. मुलीने मान वळवून पाहिलं आणि मान डोलावली. त्याने खुर्चीवर तळहात दाबला. दरवाजा लावला. पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी निघाली नाही. स्टिअरिंगपाशी बायको आरशात बघत बसून होती.

त्याने पुन्हा दोन थापा मारल्या, जरा जोरात. गाडी गेली. तो गल्लीच्या तोंडापर्यंत चालला आणि बसथांब्यावर उभा राहिला.

बस लवकर येईना. पोरगी बिनखुर्चीची फार वेळ बसली की पाठीत कळा सुरू होतात. बाळं एकदम रडतात, एक थांबलं की दुसरं. आईला उन्हात चक्कर येते. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. आली तेव्हा बस जवळजवळ रिकामी होती. पुढून मागेपर्यंत नुसत्या सीटच सीट. त्याची मान आपोआप तिरकी झाली: खिडकीपाशी आई, तिच्यामागे बायको, दोन्ही बाळं दोन बाजूंना, पलीकडच्या बाकावर मुलगी, आणि मधल्या मोकळ्या जागेत खुर्ची. तरीही उरत होती.

“बसा की,” कंडक्टर म्हणाला. “सगळं रिकामंय.”

“असू दे,” तो म्हणाला, आणि दांडा धरून उभा राहिला.

केंद्राच्या पार्किंगमध्ये गाडी त्याला लांबूनच दिसली. रस्ता ओलांडायच्या आधी तो थांबला. चारही काचा खाली होत्या. पुढे बायको आणि आई, मागे मुलगी, तिच्या दोन बाजूंना दोन लहान डोकी, काचेतून दिसणारी खुर्चीची पाठ. सगळं बसलं होतं. कुठे फट नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला कुणी राहिलंय असं वाटलं नसतं, आणि क्षणभर त्यालाही वाटलं नाही.

रखवालदार गाडीपाशी उभा राहून हात हलवत होता. “बाई, किती वेळ झाला. उतरा नाहीतर गाडी काढा. मागे लोक थांबलेत.”

“उतरतो बाबा,” आई खिडकीतून म्हणत होती. “उतरवणारा यायचाय अजून.”

मुलीला तो दिसला. तिने हाक मारली नाही. नुसती मान मागे वळवून खुर्चीकडे केली, म्हणजे आधी ती.

त्याने हात पँटला पुसले, आणि रस्ता ओलांडला.