घडीची रेघ

नकाशांच्या नकला काढणारा म्हणजे नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं की मी सांगतो: दुसऱ्यांनी घातलेला घोळ सुबक हाताने उतरवून देतो. बत्तीस वर्षं हेच केलं. खात्याचा नियमच आहे, दिसेल ते काढायचं, डोकं चालवायचं नाही.

खातं गोऱ्यांनी काढलेलं. अख्ख्या खंडाची वाटणी त्यांनी कुठेतरी लांब, टेबलाभोवती बसून केली. इथल्या नद्या, वाळवंटं बघायची तसदी कोण घेतो? ते गेले, रेघा राहिल्या. आमची ताई अशाच एका रेघेपलीकडे राहते. लग्न झालं तेव्हा ते नुसतं शेजारचं गाव होतं, मी सायकलवर जाऊन यायचो. दोन वर्षांपूर्वी दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि मध्ये तारेचं कुंपण आलं. आई अंथरुणाला खिळलेली. रोज विचारते, "ताई कधी येतेय?" मी म्हणतो, "बघतोय." दुसरं काय सांगणार, कपाळ?

गेल्या महिन्यात सरहद्दीच्या नकाशाची नवी प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं. वापरातली प्रत पार जीर्ण, म्हणून तळघरातून गोऱ्यांचा मूळ नकाशा मागवला. पाठीला कापड लावलेला, आठ घड्या घातलेला. भिंग लावलं. सरहद्दीची निळी रेघ नदीच्या कडेकडेने जात होती. फिकी पडून नदीच्याच रंगात मिसळली होती, इतकंच. ताईचं गाव नदीच्या अलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला.

मग वापरातल्या प्रतीवर गावाच्या अलीकडून जाणारी सरळ रेघ आली कुठून? मूळ नकाशावर त्या जागी होती एक घडी. मळून काळी पडलेली. नकला काढणाऱ्याने तीच सरहद्द समजून प्रतीवर शाईने उतरवली होती. खाली कोपऱ्यात त्याची सही. ती मी लगेच ओळखली, कारण माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर तीच होती.

बाबांना चार शिव्या घातल्या मनात. मग रडू आलं. तसाच उठून साहेबांकडे गेलो.

साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. मला हायसं वाटलं.

"पण दोन्ही सरकारांच्या सह्या वडिलांच्या नकलेवर आहेत. तहाला तीच जोडलीय."

"साहेब, माझी बहीण आहे तिकडे."

"म्हणूनच सांगतो. हा कागद बाहेर आला तर आपलं सरकार गावावर हक्क सांगेल, पलीकडचे सैन्य आणतील. पहिला गोळा कुणाच्या घरावर पडेल?"

मूळ नकाशा होता तसा घडी घालून तळघरात पाठवला आणि जागेवर येऊन बसलो. पट्टी लावून रेघ ओढली. खाली माझी सही केली.

घरी आलो तर आई जागी होती. "आज काय काम होतं रे?"

"बाबांच्या नकाशाची नक्कल काढली."

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. "त्यांचा हात फार सरळ होता," ती म्हणाली. "ताई कधी येतेय?"

मला 'बघतोय' म्हणवेना. मी तिची उशी नीट केली आणि पाणी आणायला आत गेलो.