छत्रीवाल्या आबांची उडी

सून आपणहून सासऱ्याला सहलीला नेते म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे नाथाजीआबांनी गाडीत बसण्याआधीच ताडलं होतं. कडेगावाहून वाईला जायचं, तिथं डोंगरावर निसर्ग आणि साहस महोत्सव भरलाय तो बघायचा, संध्याकाळी परत. सगळं संयोगितानं एकटीनं ठरवलेलं. आणि ऊसतोडीची टोळी दारात येऊन ठेपली असताना वीरधवलनं, म्हणजे आबांच्या पोरानं, हूं की चूं केलं नाही. आईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी ज्याला उसाचं पाणी आठवतं, त्याला आज डोंगर आठवला होता.

कराड मागं पडल्यावर संयोगितानं सहज सांगितलं, वाईचे नानासोमामाही येणार आहेत. तिचे सख्खे मामा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना म्हणे आबांना कधीपासून भेटायचं होतं. आबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

त्याला कारण होतं. आबा साऱ्या गावात छत्रीवाले आबा म्हणून ओळखले जात. फौजेत असताना विमानातून छत्री घेऊन उड्या मारलेला माणूस. पारावर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या झेंडावंदनाला त्यांनी त्या उड्या इतक्या वेळा सांगितल्या होत्या की ऐकणाऱ्यालाही वारा लागावा. खरी गोष्ट एवढीच, की आबांनी सगळी नोकरी पलटणीच्या लंगरात काढली होती. विमानं पाहिली ती खालून, पुऱ्या तळता तळता. पहिल्या सुट्टीला गावी आले तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, काय काम करतोस रं तिथं? आता गड्यानं चुलीपुढं बसायचं म्हणजे आपल्याकडं जन्माची चेष्टा. तोंडातून उडी निघून गेली, आणि मग ती काही खाली उतरलीच नाही.

फौजेतला माणूस दोन प्रश्नांत खरं-खोटं ओळखतो. सुनेनं मामाला मुद्दाम बोलावलंय, नातीसमोर आपली शोभा करायचा बेत आहे, याबद्दल आबांना शंका उरली नाही.

डोंगरावर हा गर्दीचा महापूर. कुठं पक्ष्यांचे फोटो मांडलेले, कुठं दोरावरून कडा चढणारी पोरं, आणि सगळ्यांच्या वर या टेकाडावरून त्या टेकाडापर्यंत दरीवर ताणलेली तार. तिला झिपलाइन म्हणतात असं नातीनं, राजनंदिनीनं, सांगितलं. आबांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांची नजर सुनेवर होती. ती माईकवाल्याशी काहीतरी कुजबुजली आणि दोघांनी आबांकडं बघितलं. मग नानासो आले, पाया पडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, कुठल्या साली होता? आबांनी गुडघ्याचं दुखणं काढलं. नानासो हसले. ते हसणं आबांना मुळीच आवडलं नाही.

सगळ्यांनी कांदाभजी घेतली. तेलानं निथळत होती. तेल नीट तापलं नव्हतं, असं आबांच्या अगदी ओठावर आलं होतं, ते त्यांनी भज्याबरोबर गिळलं. मनुबाई, त्यांची बायको, त्यांच्याकडं क्षणभर बघत राहिली आणि पुन्हा खाऊ लागली.

तेवढ्यात माईक गरजला. आज आपल्यात एक माजी छत्रीधारी सैनिक आहेत, झिपलाइनवरून त्यांची उडी बघायची का? लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. राजनंदिनीनं आबांचा हात धरला. “आबा, तुमी गेलात तरच मी जाणार.”

संयोगिता मोबाईल धरून समोर उभीच होती. सापडलो, आबांच्या मनात आलं. जावं तर जीव जाणार, नाही म्हणावं तर नातीच्या डोळ्यांतून उतरणार. त्यांना दुसऱ्याची भीती जास्त वाटली, म्हणून ते उठले.

पण मनुबाई आधी उठली. हातातली पिशवी तिनं त्यांच्याकडं दिली आणि पदर कमरेला खोचला.

“ह्यांच्या लय उड्या झाल्या. आज माजी पाळी.”

लोक हसले, वीरधवल आई आई करत मागं धावला, पण ती शिडीवर पोचलीसुद्धा. पट्टे बांधून होईपर्यंत आबा तिच्या शेजारी घामाघूम होऊन उभे. तेव्हा ती त्यांच्या कानाशी वाकली.

“पयल्या सुट्टीला आलासा, तवाच हातावरचं तेलाचं डाग बघितल्यात मी. इमानात कोण तळतं वं?”

आणि ती गेली. दरीवरून तिची हिरवी साडी फडफडत गेली. दिवसभर आबांनी साऱ्या जगावर संशय घेतला होता, फक्त हिच्यावर घ्यायचा राहिला होता. चाळीस वर्षं त्या गोष्टी ऐकताना ती चहा देत होती आणि गप्प होती. आबांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त तिची माया वाटली.

मनुबाई परत आली तेव्हा नानासोंनी आपल्या पिशवीतून शाल आणि नारळ काढला. संयोगिताचे डोळे भरले होते. लग्न होऊन आल्यापासून ती माहेरी सगळ्यांना अभिमानानं सांगत होती की माझे सासरे विमानातून उड्या मारायचे. चार माणसांत त्यांचा सत्कार व्हावा, एवढ्यासाठीच हा सारा घाट घातलेला. खांद्यावर शाल पडली तेव्हा आबांना मान वर करवेना. त्यांनी ती काढली आणि वाऱ्यानं गारठलेल्या मनुबाईच्या अंगावर घातली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

घरी पोचले तेव्हा मनुबाई दमून पडवीत टेकली. आबा सरळ स्वयंपाकघरात शिरले. जन्मात कधी तिथं पाऊल न ठेवलेला माणूस कणीक मळायला बसलेला बघून संयोगिता दारातच थांबली. आता संशय घ्यायची पाळी तिची होती. आबांनी बोटभर कणीक तेलात टाकून ताव बघितला, मग एकामागून एक पुऱ्या सोडल्या. साऱ्या टम्म फुगून वर आल्या.

“आबा, हे कुठं शिकला?”

“पलटणीत,” आबा झाऱ्यावरची नजर न काढता म्हणाले. “तितं मी ह्येच करत हुतो. उड्या दुसरी पोरं मारायची.”

संयोगितानं पुऱ्यांसाठी दुसरं ताट काढलं.

पडवीतून मनुबाईचा आवाज आला. “माज्या दोन जास्ती काढा वं. चाळीस वर्सं वाट बघितलीया.”